दांडा ढिला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना घण आहे. वजन सहा किलो, स्वभाव तापट. मुक्काम लखनौ, चारबाग स्टेशनापलीकडच्या एका सरकारी कारखान्याची लोहारशाळा. मला घडवलं इथल्या उस्तादांनी, मूळच्या सोलापूरच्या माणिक मिस्त्रींनी, म्हणून माझी बोली मराठी. दांडाही त्यांनीच ठोकून बसवला. वीस वर्षं मी तापलेलं लोखंड बडवलं. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ माझीच.

मग लोहारशाळेत पहिली बाई आली, देविका. बाप फौजी, मूळचे साताऱ्याचे. परीक्षा देऊन आलेली; वर्षभर टिकली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. कपडे बदलायला तिला एक खोली मिळाली आणि तिथे पत्ते कुटणाऱ्यांचा तिळपापड झाला. "ये औरतों का काम है क्या?" मधुसूदन थुंकला. मला चालवायचा तो. त्यांनी खोलीचं दार फोडलं, तिचे बूट भट्टीत टाकले. दुसऱ्या दिवशी ती नवे बूट घालून हजर!

आमच्यात रीत आहे: उस्तादाच्या हातोडीचा ठोका पडल्याशिवाय घण खाली येत नाही. त्या दिवशी माणिक मिस्त्री तिला शिकवत होते. ती ऐरणीवर वाकून सांडशीने लोखंड सरळ करत होती. ठोका पडला नव्हता. तरी मधुसूदनने मला उचललं आणि तिच्या उजव्या हातावर हाणलं. तीन बोटं माझ्याखाली चिरडली. ती किंचाळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण घणाला थांबता कुठे येतं!

आठवड्याने चौकशी बसली; पुरावा म्हणून मलाही तिथे नेलं. "हत्था निकल गया था, साहब," मधुसूदन म्हणाला. म्हणे, माझा दांडा निसटला! माणिक मिस्त्री मान खाली घालून गप्प. रोज त्याच लोकांत जेवायचं ना! साहेबांनी निकाल लिहायला घेतला: दोष घणाचा, आणि बाईला हे काम झेपायचं नाही. वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी.

देविका उठली. डाव्या हाताने मला उचललं आणि साहेबांच्या मेजावर घातलं. काच फुटली, फळी दुभंगली.

"बताइए साहब, निकला?"

दांडा केसभरही हलला नव्हता.

"काका, आता तरी बोला. ठोका दिला होतात तुम्ही?"

माणिक मिस्त्री उभे राहिले. "नाही, पोरी. यानं जाणूनबुजून मारलं. आणि मी भ्यालो."

मधुसूदन निलंबित झाला. देविकाची नोकरी राहिली.

मित्रांनो, अवजारं पुसून, तेल लावून ठेवा, जरूर ठेवा. पण शेजारी काम करणाऱ्या माणसालाही जपा. मला बोलता येत नव्हतं. माणिक मिस्त्रींना येत होतं. तिची त्या तिनांतली दोन बोटं अजून वळत नाहीत.