दारातला पूल

आमच्या माडीवरच्या खोलीत एक आख्खी रेल्वे आहे आणि तिच्या फलाटावरच्या हमालाच्या मिशा पिकल्या आहेत. हसा खुशाल. हमाल नखाएवढा. ताईने सुईच्या टोकाने त्याला काळ्याभोर मिशा रंगवल्या होत्या, त्या आता पांढऱ्या आहेत. धूळ बसली असेल, असं काही शहाणे म्हणतात. मी फुंकर मारून पाहिली. मिशा पांढऱ्याच राहिल्या, वर त्याला शिंक आली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात तिचं सारं आयुष्य शिवण तपासण्यात गेलं. तिच्या नजरेतून उसवलेला टाका सुटत नाही, मग तो कापडाचा असो की माझ्या बोलण्यातला. ही रेल्वे आम्ही दोघांनी मिळून उभी केली. रूळ, तारा, इंजिनं माझ्याकडे. डोंगर, घरं, झाडं, माणसं तिच्याकडे. डोंगर तिने रद्दी, खळ आणि एका फाटक्या चादरीचा केला. तो इतका खरा झाला, की त्याच्या बोगद्यात एक पाल राहायला आली. गाडीची शिट्टी वाजली की पाल शेपूट आवरून घेते.

मग ताईचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केली आणि ती खालच्या खोलीत आली. त्यानंतर मी एकट्याने शेवटचं काम केलं: दारातला पूल. आमची रेल्वे चारही भिंतींच्या कडेने फळ्यांवरून जाते, पण मधे दार आलं की तिला माघारी फिरावं लागायचं. आता दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीवर पूल टेकवला की फेरी पुरी होते. जायचं-यायचं असेल तर पूल उचलून बाजूला ठेवायचा. म्हणून घरात कायदा केला आहे: बाहेरच्याने आधी "लाइन क्लिअर?" असं विचारायचं आणि आतून "क्लिअर!" आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. हा कायदा मीच केला आणि येणारं दुसरं कोणी नसल्याने मीच पाळतो.

हा पूल ताईने पाहिलाच नव्हता. आणि रविवारी सकाळी भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, तिला त्याच्या गावी घेऊन जाणार होता, कायमची. त्याच्या घराला पायऱ्याच नाहीत.

"टिल्ल्या," ती मला म्हणाली. या वयातही मी तिचा टिल्ल्याच. "जायच्या आधी मला एकदा त्या गाडीत बसव आणि तुझा पूल दाखव."

"बसवतो की. इंजिनाच्या पुढे सपाट डबा जोडतो, त्यावर कॅमेरा. ड्रायव्हरला दिसतं ते सगळं तुला खाली टीव्हीवर दिसेल."

"आख्खी फेरी हवी. तुकडे जोडून आणलेस तर परत पाठवीन."

मी तुकडेच जोडून नेले. इतक्या सफाईने जोडले होते, की पालसुद्धा फसली असती. ताईने पाहिलं आणि चष्मा खाली सरकवला.

"बोगद्यात शिरताना ऊन फलाटावर होतं. बाहेर पडताना डोंगरावर गेलं. बोगद्यात जेवायला थांबली होती का गाडी?"

"ताई, तेवढं काय..."

"उसवलेलं आहे. पुन्हा कर."

पुन्हा केलं. या वेळी एकसलग, पण गाडी सांध्यावर जरा अडखळली आणि माझा हात सवयीने पुढे गेला. टीव्हीवर घराएवढा अंगठा आला.

"हा कुठला राक्षस?" ताई म्हणाली. "माझी घरं चिरडायला आलाय. आणि नखं काप जरा."

मी नखं कापली आणि प्रतिज्ञा केली, की गाडी सुटली की मी फळीखाली जाऊन बसणार, हात मांडीखाली दाबून. मेलो तरी बाहेर येणार नाही.

तिसऱ्या खेपेला कॅमेरा बोगद्याच्या तोंडाशी अडकला. पहिल्या वेळी तिथे मी गाडी उचलून पलीकडे ठेवली होती आणि दुसऱ्या वेळी ती सांध्यापुढे गेलीच नव्हती. उंची मी मोजली होती, पण बोगदा आहे वळणावर आणि वळणावर लांब डब्याचा कोपरा बाहेर झुकतो, हे मोजायचं राहिलं. आता एकच उपाय. मी करवत घेतली. दोनदाच ओढली असेल, तोच खालून आवाज.

"काय कापतोयस?"

"लाकूड!"

"लाकडाचा आवाज असा येत नाही. माझा डोंगर कापतोयस."

मी करवत थांबवली.

"काप, काप," ती म्हणाली. "पण डाव्या बाजूने. उजवीकडे माझी चादर आहे, तिची शिवण उसवू नकोस. आणि पालीला आधी सांग."

पालीला सांगितलं. ती मान हलवून बाजूला झाली. विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

शनिवारी दुपारी सगळं जुळून आलं आणि पुलावर घोडं अडलं. त्याचं कारण सांगायला हवं. पूल उचललेला असताना गाडी चुकून सुटू नये म्हणून मी चौकटीला एक पत्र्याची पट्टी लावली आहे. पूल पट्टीवर टेकला तरच रुळांत वीज येते. ही पट्टी ढिली झाली होती. गाडी पुलावर आली की उचकी लागल्यासारखी थांबायची. नवी पट्टी करायची तर दिवस गेला असता. पट्टीची दोन टोकं एकमेकांना कायमची जोडून टाकली की काम भागणार होतं.

मी पूल उचलून खाली पळालो. "ताई, केसातला आकडा दे."

"कशाला?"

"रुळाला."

"रुळाचे केस सुटलेत का?" असं म्हणत तिने आकडा काढून दिला.

वर आलो, आकडा खोचला, कॅमेरा चालू केला, शिट्टी दिली. गाडी अशी निघाली, जशी साय कापत सुरी जावी. मी फळीखाली, हात मांडीखाली. फलाट गेला, सांधा गेला, बोगदा गेला. कुठे उचकी नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

आणि मग लक्षात आलं, की पूल मी परत ठेवलेलाच नाही.

एवढ्या दिवसांत पूल ठेवायचं मी लक्षात ठेवलंच नव्हतं, कारण तशी गरजच नव्हती. गाडी हलली नाही की पूल आठवायचा! आता ताईचा आकडा रुळांना बिनपुलाची वीज पुरवत होता आणि गाडी थेट दाराकडे निघाली होती. मी उठलो, तो डोकं फळीवर आपटलं. तोवर कॅमेरा, इंजिन आणि मागचे चार डबे दारातून हवेत गेले होते.

दारासमोरच जिना. गाडी एकेका पायरीवर नमस्कार करत खाली गेली. शेवटच्या पायरीवरून घसरली, वळली आणि ताईच्या चपलांशी येऊन थांबली. डबे एकाला एक जोडलेले. दिवा चालू. विजेशिवाय कसा चालू, ते मला विचारू नका.

ताईने वाकून कॅमेऱ्यात पाहिलं. "आले का मी यात?"

टीव्हीवर लावलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही जोड नाही. फलाट, मिशीवाला हमाल, बोगद्यात पालीची शेपटी, मग आकाश, जिना, जिना, जिना आणि शेवटी ताईचं नाक.

"झकास," मी म्हणालो. "आख्खी फेरी!"

"पूल कुठाय?"

"ताई, गाडी तुझ्या पायाशी आली, अजून काय..."

"मी पूल बघायला मागितला होता. जिना माझा पाहिलेला आहे."

इंजिनाचं वाकलेलं चाक चिमट्याने सरळ केलं, पण तो सपाट डबा पार मोडला होता. कॅमेरा आता कशावर बसवायचा? रविवारी सकाळी मी तोंड पाडून हे सांगायला गेलो, तर ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाठमोरी बसलेली.

"अगं, डॉक्टरांनी..."

"चढायला मनाई केलीय. बसायला नाही." तिने दोन्ही हात मागे टेकवले आणि बूड उचलून दुसऱ्या पायरीवर ठेवलं. "ही बसले. आता इथे बसते. मग तिथे. बघत काय उभा राहिलायस, मागून उशी सरकव!"

मी उशी सरकवत गेलो. मधे ती दम खायला थांबली, तेव्हा मी म्हटलं, पुरे आता. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कधी काळी वाकड्या कॉलरकडे पाहत असेल. पुन्हा हात टेकवले.

वर पोचल्यावर मी तिला स्टुलावर बसवलं, दारात पूल टेकवला, शिट्टी तिच्या हातात दिली. तिने आधी कापलेल्या डोंगराच्या कडेवरून बोट फिरवलं. "खळ लावून घे इथे," म्हणाली, आणि शिट्टी फुंकली.

गाडी सुटली आणि खाली भाच्याचा आवाज आला. "आई? मामा?" तो धडधडत जिना चढला आणि पुलापाशी थबकला. "आई! तू वर कशी आलीस?"

"लाइन क्लिअर नाही," ताई म्हणाली. "गाडी बोगद्यात आहे. तिथेच थांब."

"अगं, खाली गाडी उभी आहे!"

"उभी आहे ना? मग कसली घाई? ही धावतेय."

भाचा मुकाट्याने थांबला. गाडी बोगद्यातून बाहेर आली, वळणावर झुकली आणि दारातल्या पुलावरून भाच्याच्या पोटासमोरून निघून गेली. ना उचकी, ना हात. ताई दोन्ही बाजूंचे रूळ नजरेने चाचपत होती. गाडी फलाटाला लागली.

"जोड दिसला?" मी विचारलं.

"नाही दिसला."

मग तिने हात लांब करून चौकटीतला आकडा उपटला आणि केसात खोचला.

"पट्टी नीट करून घे," ती म्हणाली. "गाडी हलली नाही, की पूल आठवेल तुला. सांगायला मी खाली नसेन."

भाच्याने बाहेरून हळूच विचारलं, "लाइन क्लिअर?"

ताईने फलाटाकडे एकदा पाहिलं. हमालाने, माझी शपथ, हात वर केला.

"क्लिअर," ती म्हणाली.