कुणाला न विचारता

सुशांतला कॉम्प्युटरचं जेवढं येत होतं, त्याच्या दुप्पट आपल्याला येतं असा त्याचा समज होता. तसा पोरगा वाईट नव्हता. उधन्यात, खानदेशातून आलेल्या कापडाच्या लूमवाल्यांच्या वस्तीत वाढलेला, कॉलेज अर्धं टाकून कॉम्प्युटरचा क्लास केलेला, आणि इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जाणारा वस्तीतला पहिलाच. कौतुकानं माणूस चढतो, तसा तोही थोडा चढला होता.

नोकरी होती पर्वत पाटिया भागात, गुजराती रमणिकशेठच्या डिझाईनच्या दुकानात. साडीचं डिझाईन कॉम्प्युटरवर काढायचं, त्यातला एकेक रंग वेगळा करायचा आणि छपाईसाठी मिलला धाडायचा. ही नोकरी त्याला मिळवून दिली ती लोटूमामानं. लोटू काही सख्खा मामा नव्हे. सुशांतची आई लीला आणि लोटू शिरपूरकडच्या एकाच गावचे, आणि आईच्या गावचा पुरुष म्हटला की तो मामाच. निम्मं आयुष्य लूमवर काढून नजर मंदावल्यावर लोटू या दुकानात लागला होता. झाडू, पाणी, चहा, सकाळी शटर उघडणं, संध्याकाळी मेन स्विच पाडणं, ही त्याची कामं. "शेठ, मेरा भाचा कॉम्प्युटर सिकेला है, एक बार देखो तो," असं म्हणून म्हणून त्यानं शेठचे कान किटवले होते. शेठनं पोराला पाहिलं आणि ठेवून घेतलं. तेव्हापासून सुशांतची खुर्ची लोटूमामा रोज स्वतःच्या खांद्यावरच्या रुमालानं पुसायचा.

खानदेशी माणसांत मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा कितीही लहान असो, मामानं वाकायचं. भाच्याला दुखवणं म्हणजे पाप. दिवाळीला लोटूमामा वाकला की सुशांतला संकोच व्हायचा. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

दुकानातल्या मोठ्या मशीनवर पुण्याच्या एका इंजिनिअरनं लिनक्स बसवून दिलं होतं. व्हायरसची भीती नाही आणि वर फुकट, त्यामुळे शेठ खूश. रंग वेगळे करण्याचा प्रोग्रामही त्यानंच खास लिहून दिला होता. जाताना तो बजावून गेला होता, की चालतंय तोवर याला हात लावू नका.

आणि नव्व्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर, मिलवाले डिझाईनसाठी दारात उभे असताना, आमच्या शहाण्यानं हात लावला.

झालं असं, की एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत चित्रं काढण्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती होती. ती बसवायची त्याला घाई. आता लिनक्सवर प्रोग्राम बसवणं म्हणजे लग्नाला सोयरे जमवण्यासारखं आहे. एकाला बोलवा, तो म्हणतो आधी त्याला आणा. त्याला आणायला जा, तो म्हणतो ती बसली असेल तर मी बसणार नाही. नव्या प्रोग्रामला एक नवी लायब्ररी हवी होती. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते सामाईक सामान. त्या लायब्ररीला तिच्याखालची मूळ लायब्ररी नवी हवी होती, आणि नवी मूळ लायब्ररी जुनीबरोबर नांदायला तयार नव्हती. बरं, जुनी काढावी, तर मशीननं साफ नकार दिला. जुनीवर हा प्रोग्राम टेकला आहे, तो टेकला आहे, रंग वेगळे करणारा टेकला आहे, असं एकेकाचं नाव घेऊन त्यानं सांगितलं.

भांडणाऱ्या सोयऱ्यांना वेगवेगळ्या पंगतीला बसवतात, तशा दोन्ही लायब्रऱ्या वेगवेगळ्या जागी ठेवता येतात. पण त्यासाठी चार पानं वाचावी लागतात, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. हुकमापुढे एक शब्द जोडला, की कोण कुणावर टेकलंय याची चौकशी न करता मशीन सांगितलं ते करून टाकतं, एवढं सुशांतला ठाऊक होतं. त्यानं तो शब्द जोडला. मशीननं कुणाला न विचारता जुनी लायब्ररी काढून टाकली.

मग तो नवी बसवायला गेला. बसवणारा प्रोग्रामच उठेना, कारण तोही त्या जुन्या लायब्ररीवरच उभा होता. साधी फायलींची नावं बघायचा हुकूम दिला, तोही चालेना. दिसायला चालू होतं, पण मशीन आतून मेलं होतं. लूमवर बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपला की नव्या बीमचा धागा न् धागा जुन्याच्या टोकाला बांधतात आणि मगच जुना ओढतात. जुना आधी काढला तर सगळं मुळापासून ओवावं लागतं. हे सुशांतच्या घरात न शिकवता येत होतं. एवढं शिकून त्यानं नेमकं उलटं केलं होतं.

कुणाला न सांगता तो जेवायला म्हणून खाली उतरला. गाडीवर वाफवलेल्या डाळीच्या लोचोची बशी घेतली खरी, पण ती तशीच राहिली. शेठला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत तो गाडीपाशी नुसता उभा राहिला.

तो परत आला तेव्हा दुकानात अंधार होता. पंख्यातून वायर जळाल्याचा वास आला म्हणून लोटूमामानं धावत जाऊन मेन स्विच पाडला होता. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. वायरमन येऊन गेला, लाईट आली, सगळी मशीनं सुरू झाली. मोठं मशीन तेवढं अर्ध्यावर येऊन थांबलं.

"शुं थयुं, क्या हुआ?" शेठ ओरडले. "किसने बंद किया था?"

"मैंने, शेठ," लोटूमामा म्हणाला. "पंखेमें से जलने का बास आया."

सगळ्यांनी सुशांतकडे पाहिलं. कॉम्प्युटरचं कळणारा तोच. त्या क्षणी त्याला काही बोलायची गरज नव्हती. तो गप्प राहिला असता तरी पाप निम्मं झालं असतं. पण तो बोलला.

"चालू मशीन असं एकदम बंद केलं की बिघडतं, शेठ."

वाक्यात खोटं काही नव्हतं. मशीन असं बंद केलं की बिघडतं, हे खरंच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर अशीच खरी वाक्यं कामी येतात. मिलचा माणूस समोर बसलेला, दिवाळी डोक्यावर आलेली. शेठनं आवाज चढवला आणि लोटूमामाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. लोटूमामानं झाडू कोपऱ्यात ठेवला आणि तो निघाला. आपल्याच हातून बिघडलं, हे त्याला पटलं होतं.

संध्याकाळी तो सुशांतच्या घरी आला. आई भाकरी थापत होती. लोटूमामा आत आला तो सरळ वाकलाच, आणि सुशांतच्या पावलांवर डोकं ठेवून म्हणाला, "भाचा, मनाच हातथीन व्हयनं. तुना पोटवर पाय दिना मी. माले माफ कर."

"आसं कसं व्हयनं रे भाऊ?" आईनं पिठाचे हात तसेच धरून विचारलं.

"माले काय समजस, बहीण? वास उना, मी बटन पाडं."

सुशांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय मागे घ्यावेत, मामाला उठवावं, खरं सांगून टाकावं, हे सगळं त्याच्या मनात आलं. यातलं त्यानं काही केलं नाही. "असू दे, मामा," एवढंच म्हणाला. म्हणजे, वर माफीही देऊन बसला!

पुढचे काही दिवस सुशांत मशीनपुढून हलला नाही. लिनक्सची मूळ सीडी घालून मशीन बाहेरून सुरू केलं, जुनी लायब्ररी तिच्या जागी परत ठेवली, मग चार पानं काय, सगळं पुस्तक वाचून काढलं. कोण कुणावर टेकलंय ते खालपासून वरपर्यंत पाहिलं. नवी लायब्ररी वेगळ्या जागी बसवली आणि नव्या प्रोग्रामला तिथलाच रस्ता दाखवला. जुन्याला धक्का लागला नाही, नवाही चालू झाला. काम खरंच सुंदर झालं होतं. एरवी त्यानं वस्तीभर सांगितलं असतं. शेठनं पाठ थोपटली तेव्हा त्याला तो हात झटकून टाकावासा वाटला.

रविवारी मालतीमामी, म्हणजे लोटूमामाची बायको, रस्त्यात भेटली. साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घेऊन निघाली होती. "आते दोन्ही घरं मनाच हातवर शेतस," ती हसून म्हणाली. दुसरं घर म्हणजे गावाकडची सासू. मग मामीचं हसू गेलं. "तुना मामा आते लाईटना बटनले बी हात लावतस नहीत, भाऊ. अंधारमा बसी ऱ्हातस. मी जवळ गऊ का माले म्हणतस, तू दाब, मना हात वाईट शे."

सुशांत तिथून घरी गेलाच नाही, तडक लोटूमामाच्या खोलीवर गेला. दिवेलागण होत आली होती आणि मामा खरोखरच अंधारात खाटेवर बसला होता. सुशांत उंबऱ्यातच उभा राहिला. एकदा खाली बसलो तर तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"मामा, तुना हातथीन काहीच व्हयनं नही. मशीन मी बिघाडं. तू स्विच पाडाना आधीच ते मरेल व्हतं."

लोटूमामानं मान वर केली. "खरं सांगस?"

"हां."

मामा उठला. भिंत चाचपत बटणापाशी गेला, थोडा थांबला, आणि त्यानं बटण दाबलं. बल्ब लागला. उजेडात त्याच्या तोंडावर आधी आनंदच दिसला, निखळ आनंद. राग नंतर आला. सुशांतनं मनातल्या मनात माफीची तयारी केली होती. मामा म्हणेल, जाऊ दे पोरा, चुकतो माणूस. मामा तसं काही म्हणाला नाही.

"सकायमा मनासंगे चाल," तो म्हणाला. "शेठले सांग. मनापुढे सांग."

सकाळी दोघं गेले. लोटूमामानं धुतलेला शर्ट घातला होता. सुशांत सवयीनं आपल्या खुर्चीत बसला, मामा दाराशी उभा राहिला. शेठ आले तसं सुशांतनं सगळं सांगितलं. जोडलेला तो शब्द, गेलेली लायब्ररी, स्विचवर ढकललेला दोष. सांगताना त्याचे कान तापले होते, पण सांगितलं सगळं.

शेठनं शांतपणे पान तोंडात टाकलं.

"मने खबर छे," ते म्हणाले, मला ठाऊक आहे. मग हिंदीवर आले. "स्विच से बिगडा होता तो तू पहले ढूंढता, क्या बिगडा. तूने ढूंढा ही नहीं, सीधा उधर ही हाथ डाला. जिसने काटा, उसीको मालूम कहां काटा." आणि लोटूमामाकडे बघून, अगदी सहज, "झाडूवाला तो मिल गया, लोटू. इसके जैसा कॉम्प्युटरवाला दूसरा कहां से लाऊं?"

आतल्या बाजूला कुणीतरी नवा माणूस फरशी पुसत होता. सुशांतच्या आत्ता लक्षात आलं, की आपण कबूल केलेलं शेठच्या लेखी काही किमतीचंच नव्हतं. त्यांनी सगळं ओळखून मामाला बाहेर ठेवलं होतं.

लोटूमामानं शेठकडे पाहिलंच नाही. तो सुशांतकडे पाहत होता. कशाची वाट पाहतोय हे सुशांतला कळलं, तेवढं तरी कबूल करायला हवं. उठायचं आणि म्हणायचं, मामा नसेल तर मीही नाही. शेठ वाकले असते. दुसरा मिळत नाही हे त्यांनी आत्ताच स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. वाक्य सुशांतच्या जिभेवर आलंही. मग आई आठवली, वस्ती आठवली, आणि शेठ वाकले नाहीत तर, हे आठवलं. तो खुर्चीतून उठला नाही.

"बरं," लोटूमामा म्हणाला. "मना हात वाईट नही, इतलं सर्वास्नी आयकं. बस झायं." शेठला राम राम करून तो जिना उतरू लागला. आज तो भाच्यापुढे वाकला नाही.

"चल, फाईल खोल," शेठ म्हणाले. "मिलवाला आता होगा."

सुशांतनं फाईल उघडली. लाल वेगळा झाला, हिरवा वेगळा झाला, मशीननं कसलीही तक्रार केली नाही. खाली लोटूमामा चपला घालत असेल, एवढ्या वेळात त्याची बोटं कीबोर्डवर एकदाही अडखळली नाहीत, आणि त्या बोटांचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.