अभिषेक झालेली खुर्ची

बालाघाटच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणसांना सतरंजी आणि खुर्चीला गालिचा. लाल मखमलीची, सोनेरी पायांची ही खुर्ची पास्टर दुलीचंद यांची. साहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी खुर्चीच सभा चालवते म्हणा ना. मागे एकदा साहेब सांगून गेले, की या खुर्चीवर पवित्र आत्म्याचा अभिषेक उतरला आहे. झालं! आमच्या लोकांना तेवढंच हवं होतं. आता येणारा जाणारा खुर्चीच्या हाताला शिवतो आणि तोच हात कपाळाला लावतो. आजारी माणूस तिथे डोकं टेकतो. मखमल मळू नये म्हणून वर प्लास्टिक चढवलंय. आशीर्वाद त्यातूनही झिरपतो म्हणे.

आणि हेच लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना "दगडाले काय हात जोडता?" म्हणून हिणवतात. त्यात सगळ्यात पुढे माझा नवरा शालिकराम, मंडळीचा पुढारी. बाप्तिस्मा घेतल्यावर त्याने आईचे देव वैनगंगेत सोडले. माझी सासू कमला तेव्हा काठावर बसून रडली, पण मुलामागोमाग तीही ख्रिस्ताकडे आली. त्यापायी राजेगावच्या भावांनी तिला तोडलं. लग्नाचं बोलावणं नाही, मयतीचा निरोप नाही. चार माणसांत बसायला तिला आता ही मंडळीच काय ती उरली आहे.

तिचे गुडघे कामातून गेलेत. खाली बसली की उठवायला दोघी लागतात. तिच्यासाठी मी एक साधी खुर्ची मागितली, तर साहेबांचा उजवा हात चंद्रशेखर म्हणाला, "साहेबाच्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची शोभत नाही, वहिनी." म्हातारीचं कण्हणं शोभतं वाटतं!

गेल्या रविवारी त्यानेच सासूला पुढे बोलावलं. "ये माय, खुर्चीवर डोकं टेक. गुडघे बरे होतात."

सासू लंगडत गेली. तिने खुर्ची खालपासून वरपर्यंत पाहिली, पदर सावरला आणि सरळ तिच्यात बसली.

सभेत एकच ओरडा झाला. "ऊठ माय! काहून बसली तू?" चंद्रशेखर किंचाळला.

"गुडघ्यासाठीच बोलावलं ना तू मले? बसली तं बरं वाटून राह्यलं."

मला हसू आवरेना. चंद्रशेखर शालिकरामकडे वळला. "भाऊ, तुमच्या मायनं खुर्ची बाटवली. तिले डोकं टेकून माफी मागू द्या. नाही तं पुढच्या रविवारपासून तिले आणू नका."

बाटवली! येशूच्या घरी येऊनही आमचा बाट काही सुटला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सासूचं तोंड मात्र उतरलं. इथून काढलं तर ती जाणार कुठे? ती मुलाला म्हणाली, "शालिक, तू माहे देव नदीत सोडले. माह्या सासूनं देल्ले होते ते. तू म्हणला, माणसानं बनवलेल्या वस्तूत देव नसते माय. मी मानलं. आता तू म्हणशील तं या लाकडाले डोकं टेकीन. पण मंग माहे देव काहून बुडवले, तेवढं सांग."

तासतासभर प्रवचन झोडणारा माझा नवरा उठला, तिच्याजवळ गेला. आता हा तिला दंड धरून उठवणार, असं मला वाटलं आणि मीही उभी राहिले. उठवलं असतं तर त्या दिवशी मी त्याच्या घरी परतले नसते.

पण तो तिच्या पायाशी सतरंजीवर बसला. "नको टेकू माय," तो म्हणाला. मग तो चंद्रशेखरला म्हणाला, "साहेबाले फोन लाव. सांग, खुर्चीत माय बसली आहे, उठणार नाही. साहेब आले का माह्याजवळ सतरंजीवर बसतीन."

अर्धी मंडळी तेव्हाच चपला घालून निघून गेली. जाऊ देत.