वरच्या खणात जागा मोजकीच

मित्रांनो, मला ओळखलंत का? मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. नव्या कायद्यांचे प्रस्ताव जिथे आपल्या पाळीची वाट पाहतात, त्या सरकारी कचेरीत माझे आयुष्य गेले. मला तीन खण आहेत. या अधिवेशनात मांडायची विधेयके वर, पुढच्या वर्षीची मध्ये आणि कच्ची राहिलेली खाली. वरचा खण सुताराने मुद्दाम अरुंद केला. सभागृहाकडे वेळ थोडा आणि प्रत्येक खात्याला आपलेच घोडे पुढे दामटायचे असते.

बैठकीच्या दिवशी माझा थाट विचारू नका. एरवी माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारे अधिकारी माझ्याभोवती घुटमळतात. बडे साहेब प्रत्येकाला एकच विचारतात, "यंदा नाही आणलं, तर कुणाचं काय अडेल?" बरेच जण तेव्हा छताकडे बघू लागतात. मला मनातून हसू येते.

मसुदेबाई मात्र कधी छताकडे बघत नसत. इमारतींतल्या लिफ्टची दरवर्षी तपासणी व्हावी, असा कायदा त्या लिहीत होत्या. न तपासलेली लिफ्ट कोसळून त्यांचा धाकटा भाऊ पायाने अधू झाला होता. पण साहेबांनी फाइल मागितली की बाई म्हणायच्या, "एकदा नजरेखालून घालते, साहेब. सरकते जिने राहिलेत." पुढच्या वर्षी माल वर चढवणारे पाळणे राहिलेले असत. झाले, फाइल पुन्हा खाली. तिच्यावर धूळ बसली की मला वाईट वाटे.

मग बाईंच्या निवृत्तीचे वर्ष उजाडले. त्यांच्यामागे त्या फाइलला कुणी वाली नव्हता. बैठकीत त्यांनी ती वरच्या खणात सरकवली, तर आत जाईना. इतकी जाडजूड झाली होती ती. बाईंनी जोर लावला. माझी फळी करकरली.

"बाई, मांडणी मोडेल," साहेब म्हणाले. "यातलं आज पूर्ण काय झालंय?"

"लिफ्टचं तेवढं."

"मग तेवढंच द्या की."

"आणि बाकीचं? माझ्यामागे कोण बघणार?"

"मी बघतो. ठेवा मधल्या खणात."

बाईंनी फीत सोडली. जिन्यांची आणि पाळण्यांची पाने त्यांनी वेगळी काढून मधल्या खणात ठेवली. कितीतरी सुट्ट्या त्यांनी त्यांवर घालवल्या होत्या. उरलेली सडपातळ फाइल त्यांनी वर ठेवली आणि मी तिला घट्ट धरले.

त्याच अधिवेशनात कायदा मंजूर झाला. निरोपाच्या दिवशी बाई भावाला घेऊन आल्या. काठी टेकत तो माझ्यापाशी आला आणि त्याने वरच्या खणावरून हात फिरवला.

"ताई, हा तर रिकामाच आहे."

"तुझं काम इथून पुढे गेलं ना, म्हणून," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मी धन्य झाले. मला अधूनमधून फडक्याने पुसत जा. आणि तुमचे एखादे चांगले काम पूर्ण झाले असेल, तर ते माझ्या खालच्या खणात ठेवू नका.