बसलात म्हणजे ठीक होतात

माकेरेता राजधानी सुवात परीक्षेच्या हॉलबाहेर रांगेत उभी होती, तेवढ्यात घरून, कडाव्हू बेटावरून, भावाचा फोन आला.

"आई गेली, पहाटे," विलिसोनी म्हणाला. "तिला ठेवायला इथे बर्फ नाही. उद्या दुपारी माती द्यायची. अकराची बोट धर. ती चुकली तर आठवडाभर दुसरी नाही."

परीक्षा नऊ ते बारा होती.

एकोणीस वर्षं ती गावच्या शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवत होती. आता पदवी नसलेल्यांना डिसेंबरनंतर ठेवायचं नाही असं वरून आलं होतं. तिच्या पदवीचा हा शेवटचा विषय, 'बालशिक्षणाची मूलतत्त्वे'. अनुभव धरून यातून सूट द्या, असा तिने अर्ज केला होता. प्रशिक्षण फार जुनं म्हणून तो फेटाळला गेला.

तिने दारातल्या पर्यवेक्षकाला आईचं सांगितलं आणि पेपर नंतर देता येईल का विचारलं.

"गैरहजर राहिलात तर तीन दिवसांत मृत्यूचा दाखला द्यावा लागेल," तो यादीतून मान वर न करता म्हणाला.

"दाखला देणारी नर्स आमच्याकडे पंधरवड्यातून एकदा येते."

"मग शून्य."

ती आत गेली. पहिलाच प्रश्न होता, मुलाला अक्षरओळख कशी करून द्याल. तिने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा त्याच लिहिल्या. अकरा वाजले तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं. त्यानंतर काय लिहिलं ते तिला आठवत नाही.

महिन्याने निकाल लागला. ती दाखला घेऊन कार्यालयात गेली. खिडकीत सालानिएता नावाची तरुण मुलगी होती.

"वर्षभराचे गुण छान आहेत, नेई," मावशी म्हणावं तशी ती म्हणाली. "एकूण एकसष्ट. पण शेवटच्या पेपरात निदान चाळीस लागतात. तुम्हाला सदतीस आहेत. म्हणून नापास."

माकेरेताने दाखला पुढे सरकवला. सालानिएताने तारीख वाचली, आणि तिचा आवाज उतरला.

"मग तुम्ही बसलातच कशाला? फेरपरीक्षा मिळाली असती."

"तीन दिवसांत दाखला हवा, असं दारातला माणूस म्हणाला."

"तीन दिवसांत फक्त कळवायचं असतं. दाखला मागाहून चालतो."

"आता काही होईल?" माकेरेताने विचारलं.

"बसलेल्याला तो नियम लागत नाही, नेई. बसलात म्हणजे तुम्ही ठीक होतात असं धरतात."

"मी ठीक नव्हते."

"मला कळतंय," सालानिएता म्हणाली, आणि दाखला परत दिला.

बोटीवर विलिसोनी घ्यायला आला. ती मातीला पोचली नाही, त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

"पास तरी झालीस का?"

"नाही."

तो पुढे चालू लागला. तिची पिशवी त्याने उचलली नाही.

जानेवारीत तिच्या जागी सुवाहून पदवीधर मुलगी आली. माकेरेताने तिला फळा दाखवला, गळणारा कोपरा दाखवला, कुठल्या पोराला डाव्या कानाने ऐकू येत नाही ते सांगितलं. पोरं खिडकीतून हाका मारत होती. माकेरेता वळली नाही, सरळ आईच्या मळ्यात तण काढायला गेली.