नोएलची रिकामी टाकी

पद्माकर शिंत्रे पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली होती, पण त्यांच्या खिशातली डायरी काही निवृत्त झाली नव्हती. इस्लामपूरकडे पस्तीस वर्षं गोठे तपासताना लागलेली ती सवय. काय पाहिलं, काय सुचवलं आणि पशुपालकानं ते मान्य केलं का, एवढं रोज लिहायचंच. यंदाच्या हिवाळ्यात ते तीन महिन्यांसाठी मुलीकडे, सुमेधाकडे, आयर्लंडला मलिंगारजवळ राहायला आले. सुमेधा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. अंधारात जायची आणि अंधारातच परत यायची. भिंतींकडे बघत माणूस किती वेळ बसणार? सुदैवानं घरमालक डेक्लन दुधाचा धंदा करणारा शेतकरी निघाला. कुंपणापलीकडे त्याच्या ऐंशी गायी होत्या. चौथ्या दिवसापासून पद्माकर कानटोपी घालून तिकडे हजर.

गायी ऑक्टोबरपासून छपराखाली होत्या आणि फेब्रुवारीपर्यंत तिथंच राहणार होत्या, कारण बाहेर चिखलात त्यांचे पाय रुतायचे. प्रत्येकीला झोपायला लोखंडी नळ्यांचा कप्पा, खाली रबराची गादी, तिच्यावर लाकडाचा भुसा आणि चुना. शेण-मूत जाळीच्या फरशीतून खालच्या टाकीत पडायचं. ती स्लरी जानेवारीच्या मध्यापर्यंत शेतात टाकायला कायद्यानं बंदी, नाहीतर पावसाबरोबर सगळी ओढ्यात जाते. इकडे डिसेंबर निम्मा सरला होता आणि टाकी भरायला वीतभर उरली होती. ती भरून वर आली की ऐंशी गायी शेणात उभ्या आणि सरकारी तपासनीस दारात उभा. डेक्लन रोज सकाळी काठी बुडवून बघायचा आणि सगळ्या संतांची नावं घेऊन शिव्या द्यायचा.

भुसा महागला म्हणून त्यानं तोही निम्म्यावर आणला होता. हे पद्माकरांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. अंथरूण कोरडं आहे का, हे बघायची साधी रीत म्हणजे त्यावर गुडघे टेकायचे. गुडघे ओले झाले की गायीची कास आज ना उद्या दुखणार. पद्माकर एका कप्प्यात शिरले, गुडघे टेकले आणि डोळे मिटून पंचवीस आकडे मोजू लागले. डोळे उघडतात तर डेक्लन टोपी काढून, मान खाली घालून दाराशी उभा. गायीची पूजा चाललीय, मध्ये बोलू नये, अशी त्याची समजूत. पद्माकरांनी ओले गुडघे दाखवून खुलासा केला, तेव्हा तो इतका ओशाळला की भुशाचं पोतं त्यानं तिथल्या तिथं फोडलं.

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. छपराची पन्हळ फुटून पावसाचं पाणी थेट टाकीत जात होतं. ती दुरुस्त करा, असं पद्माकरांनी सुचवलं. डेक्लन म्हणाला, “आय विल, येह.” डायरीत नोंद झाली: पन्हळ दुरुस्ती, मान्य. त्यानंतर टाकीचा विषय निघाला. रस्त्यापलीकडच्या नोएलनं दोन वर्षांपूर्वी गायी विकल्या होत्या आणि त्याची टाकी रिकामी पडली होती. ट्रॅक्टरच्या टँकरनं स्लरी तिकडे नेली की प्रश्न मिटला. अडचण एवढीच की डेक्लन आणि नोएल अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. नोएलनं टाकी घुसळायचं यंत्र उसनं नेलं आणि दांडा वाकवून परत केला, हे कारण. पद्माकरांना हसू आलं. एवढी थोराड माणसं, आणि शेण घुसळायच्या दांड्यावरून अबोला धरतात. त्यांचं स्वतःचं धाकट्या भावाशी, रमेशशी, सहा वर्षं बोलणं नव्हतं ते उकिरड्याच्या चार हात जागेवरून. पण ती गोष्ट वेगळी, तिथं न्यायाचा प्रश्न होता.

“नोएलला जाऊन विचारा,” पद्माकर म्हणाले.

“आय विल, येह,” डेक्लन म्हणाला.

कधी, असं विचारल्यावर तो म्हणाला, उद्या अकरा वाजता, चांगला कोट घालून. पद्माकरांनी ते कोटासकट लिहून घेतलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते पर्यवेक्षक कसले? दुसऱ्या पक्षाला आधी कळवलेलं बरं, म्हणून तिसऱ्या प्रहरी ते नोएलकडे गेले. नोएल सत्तरीचा, एकटा माणूस. तो गोठा झाडत होता. दोन वर्षं त्या गोठ्यात गाय नव्हती, तरी फरशी लख्ख होती. त्यांनी निरोप सांगितला, तसा नोएलचा झाडू थांबला.

“हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं?”

“स्वतःच्या तोंडानं,” पद्माकर म्हणाले.

नोएलनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाला, की अकराला चहा तयार असेल.

संध्याकाळी आमटी-भात जेवताना पद्माकरांनी हा पराक्रम मोठ्या ऐटीत सांगितला. सुमेधाचा घास हातातच राहिला.

“अण्णा, ‘आय विल, येह’ म्हणजे होकार नाही हो. इकडे त्याचा अर्थ, मेलो तरी करणार नाही. सुरुवातीला मीपण फसायचे. पेशंटला विचारायचे, सिगरेट सोडणार ना?”

“शब्द तर होकाराचेच आहेत की गं.”

“रमेशकाकांना फोन करा म्हटलं की तुम्ही ‘करतो की’ म्हणता. तेही शब्द होकाराचेच असतात.”

पद्माकर आमटीकडे बघू लागले. सुमेधानं आणखी एक आठवण करून दिली. मार्चमध्ये घराचा करार संपत होता, आणि या भागात भाड्याचं दुसरं घर मिळणं म्हणजे लॉटरी लागणं. ते ऐकून त्यांनी ताट बाजूला सारलं. लेकीच्या डोक्यावरचं छप्पर आपण आपल्या जिभेनं घालवलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

सकाळी दहालाच ते कबुली द्यायला डेक्लनच्या गोठ्यात गेले. गायी, पाऊस, पुन्हा गायी, असं बोलत राहिले, पण मुद्दा सांगायला जीभ काही उचलेना. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. साडेअकराला फाटकातून एक ट्रॅक्टर आत आला. मागे टँकर होता आणि वर नोएल, इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात टाय.

त्यानं सांगितलं, की चहा दोनदा उकळला तरी डेक्लन आला नाही, तेव्हा म्हातारा टाकीत पडला की काय म्हणून बघायला आलो. डेक्लननं नोएलकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं आणि मग पद्माकरांकडे. पद्माकर शेजारच्या गायीचे कान तपासत होते. मनातल्या मनात त्यांनी बॅगाही भरल्या होत्या.

“निघतच होतो,” शेवटी डेक्लन म्हणाला. “कोट सापडेना.”

“तो दांडा आधीपासून वाकलेला होता,” नोएल म्हणाला.

“नव्हता.”

त्यावर दोघं तासभर भांडले. तोंडं भांडत होती आणि हात टाकीत पाइप सोडत होते, कुणी कुणाला न सांगता. चार फेऱ्यांनंतर काठी हातभर कोरडी निघाली. काम संपलं तरी नोएल घरी जाईना. एका गायीची पाठ खाजवत उभा राहिला. तेव्हा डेक्लननं त्याला उद्याही यायला सांगितलं, उगीच, टाकी मोठी आहे म्हणून.

पद्माकर घरी निघाले, तसं डेक्लननं त्यांना बाजूला घेतलं. तो म्हणाला, की ‘आय विल, येह’ हेच मी अकरा वर्षं बायकोला, बहिणीला आणि पाद्रीबुवांना ऐकवत आलो, पण खरं मानणारे तुम्ही पहिलेच. मग त्यानं विचारलं, पुढच्या हिवाळ्यातही येणार ना, म्हणजे करार वाढवून ठेवतो.

संध्याकाळी पद्माकर तरंगतच घरी आले. सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगून झाली. सुमेधा पोट धरून हसली. मग म्हणाली, “आता रमेशकाकांना फोन करा.”

“करतो की.”

“कधी?”

“उद्या सकाळी. अकराला,” पद्माकर म्हणाले आणि डायरी शोधू लागले.

सुमेधानं मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. पद्माकरांनी विचारलं, कुणाला? ती म्हणाली, रमेशकाकांना. उद्या तिकडच्या साडेचारला अण्णांचा फोन येणार आहे, चहा टाकून बसा, असं कळवलंय.

पद्माकर खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. डेक्लनला काय वाटलं असेल, ते त्यांना आत्ता नीट कळलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. सुमेधानं उत्तर वाचलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

“काका विचारतायत, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं का?”

पद्माकरांनी कानटोपी काढली. ती नीट घडी करून मांडीवर ठेवली.

“सांग त्याला,” ते म्हणाले, “स्वतःच्या तोंडानं.”