बिगुलाची साक्ष कुणी घेतली नाही

मी पितळेचा एक जुना बिगूल आहे, मित्रांनो. माझ्या तोंडाच्या काठाला एक पोचा आहे. तो कोरियातल्या एका गोठलेल्या टेकडीवर पडला. तोफगोळे येऊ लागले, तसा वेंडल क्राउज मला पोटाशी घेऊन खडकावर पालथा पडला. पोचा मला आला आणि बरगडी त्याची मोडली.

माझा जन्म इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पत्रा कापला, वळवला, ठोकला, सांधे डाकले, अंगावर 'यू.एस.' ही दोन अक्षरे उमटवली आणि भुशाच्या खोक्यात मला भरून टाकले. पुढे कित्येक वर्षे मी कोठारात अंधारात पडून होतो. बाहेर आलो तो वेंडलच्या हातात. मिसुरी नदीकाठच्या कार्व्हर्स बेंड गावचा हा एकोणीस वर्षांचा शिपाई तोवर फक्त चर्चच्या वाद्यवृंदात वाजवत आलेला होता.

कोरियातली थंडी विचारू नका. उघड्या पितळेला ओठ लावला, तर ओठाचे कातडे पितळेबरोबर निघून यायचे. म्हणून वेंडल माझा तोंडाकडचा तुकडा काढून काखेत धरून ठेवायचा. एकदा घाईत विसरला. त्या दिवशी त्याच्या तुकडीतले चौघे एका ओळीत पुरायचे होते. शिपायाच्या दफनाला वाजवायची निरोपाची धून चोवीस सुरांची असते. त्याने चोवीसही सूर वाजवले, आणि मला खाली घेतले तेव्हा माझ्यावर रक्त होते. वरच्या ओठावर जन्मभराचा वण राहिला. तेव्हापासून त्याचा सर्वांत उंच सूर किंचित फाटायचा.

लढाई संपली आणि आम्ही दोघे गावी आलो. वेंडल धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर नोकरीला लागला. लॉरीन नावाच्या मुलीशी त्याने लग्न केले. गावाबाहेर उंचावर सैनिकांची जुनी दफनभूमी होती. गुलामगिरीवरून देश आपसात लढला, तेव्हापासूनची. पांढऱ्या दगडांच्या ओळी थेट नदीपर्यंत उतरत गेलेल्या. एकसष्ट साली तिथल्या लोकांनी वेंडलला एका दफनाला बोलावले. त्या दिवसापासून फोन वाजला की वेंडल काट्यावर दुसऱ्या कुणाला बसवून, कोट चढवून, मला घेऊन निघायचा. उन्हात गेलो, गारांत गेलो. त्याला स्वतःला ताप असतानाही गेलो. धून संपल्यावर बायका त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवत. रोज संध्याकाळी तो मला मऊ फडक्याने पुशी. मित्रांनो, मी खरेच मानात जगलो.

मग दफनभूमीच्या कचेरीत डेल हॉस्किन्स हा नवा व्यवस्थापक आला. माणूस वाईट नव्हता. वेंडलला तो थट्टेने म्हणायचा, "म्हाताऱ्या, त्या ओकच्या झाडाखालची जागा तुझ्यासाठी राखून ठेवलीय बघ. घाई मात्र करू नकोस."

"तू आधी झाडाची पानं झाडायला शीक," वेंडल म्हणायचा.

एके दिवशी डेलने माझ्यासारखाच दिसणारा एक बिगूल आणला. त्याच्या पोटात छोटी डबी होती. कळ दाबायची, ओठांशी धरून उभे राहायचे, की आतून आपोआप धून वाजते. सुरुवातीला तो वेंडल आजारी असेल तेव्हाच बाहेर निघे. पुढे आजारपणाची वाट कुणी पाहीना. एकदा वेंडल कोट घालून गेला, तर डेल म्हणाला, "आज राहू दे. मोठं कुटुंब आहे, वारा पण सुटलाय. सगळ्यांना नीट ऐकू यायला हवं."

वेंडल मला काखेत धरून दूर पाण्याच्या नळापाशी उभा राहिला आणि दुसऱ्याची धून शेवटपर्यंत ऐकून घरी आला. दोन हजार नऊपासून फोन यायचे थांबलेच. मला पुसायचे काम मात्र त्याने सोडले नाही.

अकरा सालच्या फेब्रुवारीत वेंडल गेला. दुसऱ्या दिवशी लॉरीन मला कापडी पिशवीत घालून डेलच्या कचेरीत गेली.

"त्याचा लष्करातून सुटल्याचा, डिस्चार्जचा कागद आणलास का?" डेलने विचारले.

"डेल, वेंडलचा कागद तू मला मागतोस?"

"मागावाच लागतो, लॉरीन."

"त्र्याण्णवच्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. लग्नाचे फोटो, शिवणयंत्र, कागद, सगळं नदीनं नेलं. हा पोटमाळ्यावर होता म्हणून राहिला." तिने मला टेबलावर ठेवले.

डेल खाली बघत म्हणाला, "मला कळलं तेव्हाच मी सरकारी दप्तरात विचारलं. त्र्याहत्तर साली तिथं आग लागली होती. लाखो शिपायांचे कागद जळले, त्यात त्याचेही."

"म्हणजे एक पाण्यात गेला नि एक आगीत. बरंय. आता वेंडलला मातीत घालायचं तेवढं राहिलंय. ते तरी कर."

"तो लष्करात होता याचा पुरावा नसला तर मला इथं पुरायची परवानगी देता येत नाही गं."

"हा काय मग?" तिने माझ्यावरच्या दोन अक्षरांवर बोट आपटले. "हा त्याच्याबरोबर तिकडे होता."

"असे बिगूल जुन्या बाजारात ढिगानं मिळतात," डेल अगदी हळू आवाजात म्हणाला.

मित्रांनो, त्या टेबलावर पडल्या पडल्या माझ्या पितळेला जणू घाम फुटला. ती टेकडी मी पाहिली होती. ते चौघे मला ठाऊक होते. त्याचे रक्त माझ्या अंगावरून ओघळले होते. आणि मला विचारणारे कुणीच नव्हते.

"तुझ्या बापाला पुरलं तेव्हा कोण वाजवत होतं?" लॉरीनने विचारले.

"वेंडल," तो म्हणाला. "पण गेल्या वर्षी दोघींना मी याच कारणानं परत पाठवलं. त्यांच्याही नवऱ्यांना मी ओळखत होतो. आता तुला हो म्हटलं, तर त्यांना काय तोंड दाखवू? मी अर्ज पाठवलाय. पगाराच्या, दवाखान्याच्या जुन्या नोंदी शोधतात. काही आठवडे लागतील."

लॉरीनने वाट पाहिली. वेंडल अंत्यविधीवाल्याच्या थंड खोलीत होता आणि ती दुपारी तिथे जाऊन बाहेरच्या बाकावर बसायची. एकोणिसाव्या दिवशी ती उठली. "थंडीचा त्याला भारी राग होता," ती त्या माणसाला म्हणाली. "आता पुरे. चर्चच्या मागं जागा आहे, तिथं करू या."

कागद नाही म्हणून लष्कराकडून कुणी आले नाही. निवृत्त सैनिकांच्या मंडळातले तिघे म्हातारे आले, घट्ट झालेल्या जुन्या टोप्या घालून. त्यांच्याकडेही डबीवालाच बिगूल होता. लॉरीनने मला पुढे केले. त्यांच्यातल्या मर्ल नावाच्या म्हाताऱ्याने मला ओठांशी लावले, गाल फुगवले, पण नुसती हवा निघाली.

"दमच राहिला नाही, लॉरीन," तो म्हणाला. "आणि येत होतं कुणाला? तोच वाजवायचा की."

मग त्यांनी कळ दाबली. चोवीस सूर एकापाठोपाठ स्वच्छ वाजले. मी शवपेटीवर पडून ऐकत होतो.

"कुठे म्हणून फाटलं नाही," लॉरीन म्हणाली. "वेंडलला इतकं छान कधीच जमलं नाही." आणि ती हसली. ते हसू बघून मर्लने टोपी काढली आणि मान फिरवली.

मे महिन्यात डेल घरी आला. हातात पत्र होते. "सिद्ध झालं, लॉरीन! लष्करी दवाखान्याची नोंद सापडली. बरगडी मोडली होती ना त्याची? तारीख, तुकडी, सगळं आहे. आता त्याला आपल्याकडे आणू. झाडाखालची जागा मी कुणालाच दिली नाही."

"उकरून?"

"रीतसर करतात. तुला बघावं लागणार नाही."

लॉरीनने पत्र वाचलेही नाही. "इतकी वर्षं तुम्ही बोलावलंत की तो उठून आला. आता नाही उठणार."

डेल दारातच उभा राहिला. जाताना चाचरत म्हणाला, "मग निदान बिगूल तरी दे. कचेरीतल्या पाहुण्यांच्या खोलीत त्याच्या नावानं ठेवू."

तिने माझ्याकडे पाहिले. "ने. मला तो घरात बघवत नाही. पण वाजवणारं कुणी भेटलं तर त्याच्या हातात दे."

"देईन," डेल म्हणाला.

तेव्हापासून मी इथे काचेच्या कपाटात आहे. खाली निळी मखमल, शेजारी छापील पाटी. वाजवणारे कुणी भेटले नाही, कारण कुणी शोधलेच नाही. बाहेर दिवसातून दोन-तीनदा ती डबी वाजते. मला आत घेताना एकाही माणसाने माझ्याकडे कागद मागितला नाही.

मागच्या शरद ऋतूत मर्लचे दफन इथे झाले. लॉरीन आली होती. चष्मा लावून तिने पाटी वाचली. शेजारी कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून आलेली एक बाई उभी होती.

"हा माझ्या नवऱ्याचा," लॉरीन तिला म्हणाली.

"अरे वा! मग ते इथेच विसावले असतील?"

"नाही. त्याला इथं जागा मिळाली नाही. याला मिळाली."

लॉरीन बाहेर निघून गेली. ती पुन्हा आलेली नाही.

मित्रांनो, माझी काच पुसायला इथे एक माणूस नेमला आहे. तुम्ही ती तसदी घेऊ नका. तुमच्या गावात एखादा म्हातारा दुसऱ्यांच्या दुःखात बोलावले की उभा राहत असेल, तर आजच त्याच्या घरी जा. त्याचे कागद कुठे आहेत ते विचारा, आणि त्याला जे येते ते त्याच्याकडून शिकून घ्या. मला जपू नका. मी पितळेचा आहे, न जपताही टिकतो.